सीईए ४२, पीडी-एल१ ६० टक्के: म्हणजे कॅन्सर किती पसरला?

वाचकाचं पत्र

माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. अनेक वर्षं सिगारेट ओढायचे, आता बंद केली आहे. खोकला हटेना म्हणून एक्स-रे काढला, मग सीटी स्कॅन केला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ निघाली. बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा प्रकार आला. पीईटी स्कॅन आणि मेंदूचा एमआरआय पुढच्या आठवड्यात ठरला आहे. मधल्या काळात भावाने एका लॅबमधून 'कॅन्सर मार्कर'च्या रक्ततपासण्या करून घेतल्या. सीईए ४२, सायफ्रा २१-१ ६.८ आणि एनएसई २१ आला. तिन्हींसमोर ठळक अक्षरांत 'जास्त' लिहिलं आहे. बायोप्सीच्या पुरवणी रिपोर्टात पीडी-एल१ ६० टक्के आणि केआय-६७ ४० टक्के असं आहे. भाऊ म्हणतो, साठ टक्के पसरलाय, आता पीईटी करून बाबांना कशाला दमवायचं? आईने त्यांच्या आहारातली प्रथिनं कमी केली आहेत, कारण रिपोर्टात 'प्रोटीन वाढलंय'. मला वाटतं, दर आठवड्याला मार्कर करत राहिलो तर आजार कुठवर गेला ते कळत राहील. आणखी कोणते मार्कर करावेत? रिपोर्टांचे फोटो सोबत पाठवते. खरं सांगा, पसरलाय का?

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. या पाच आकड्यांपैकी एकावरूनही 'पसरलाय' किंवा 'पसरलेला नाही' असं छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही आणि बाबांच्या डॉक्टरांनाही नाही. म्हणून पीईटी आणि एमआरआय ठरलेल्या दिवशीच होऊ द्या. भावाने तारीख रद्द केली असेल तर आधी फोन करून ती परत मिळवा, मग पुढचं वाचा.

आता ते साठ टक्के. तुमच्या घरात सगळ्यात जास्त घबराट याच आकड्याने उडवली आहे, आणि त्याचा पसरण्याशी काडीचा संबंध नाही. पीडी-एल१ हे पेशीच्या पृष्ठभागावर असणारं एक प्रथिन आहे. शरीरातल्या टी-पेशी परक्या किंवा बिघडलेल्या पेशींवर तुटून पडतात, पण त्यांना आवरणारी एक कळही त्यांच्यावर असते, तिला पीडी-१ म्हणतात. कॅन्सरची पेशी आपल्या अंगावरचं पीडी-एल१ त्या कळीला भिडवते आणि टी-पेशी गप्प बसते. बाबांच्या गाठीचा जो छोटा तुकडा काढला, त्यावर पॅथॉलॉजिस्टने या प्रथिनाला चिकटणारा रंग चढवला. सूक्ष्मदर्शकाखाली निदान शंभर जिवंत कॅन्सरपेशी आहेत ना, हे पाहिलं आणि त्यांतल्या किती पेशींच्या कडेला रंग धरलाय ते मोजलं. दर शंभरांत साठ. रिपोर्टातल्या आकड्याचा अर्थ एवढाच आहे. गाठ फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात असली तरी हा आकडा साठ येऊ शकतो, आणि आजार हाडांपर्यंत पोचला असला तरी शून्य येऊ शकतो.

उलट या साठमध्ये थोडा दिलासा आहे, तो भावाला जरूर सांगा. त्या कळीवरचा दाब काढून टी-पेशींना मोकळं करणारी औषधं, म्हणजे इम्युनोथेरपी, आज फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सर्रास वापरली जातात. त्यामागच्या मूळ शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पीडी-एल१ पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पुढच्या टप्प्याच्या आजारातही काही रुग्णांना केमोथेरपीशिवाय, एकट्या इम्युनोथेरपीवर ठेवता येतं. मात्र इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ईजीएफआर, एएलके वगैरे जनुकांतल्या बदलांचा रिपोर्ट हातात येईपर्यंत इम्युनोथेरपीची घाई करायची नाही. ॲडेनोकार्सिनोमात हे बदल सापडण्याची शक्यता बरीच असते. सापडले तर गोळ्यांचा उपचार आधी येतो आणि पीडी-एल१ कितीही असलं तरी ते मागे पडतं. शिवाय आधी इम्युनोथेरपी देऊन लगेच पाठोपाठ ईजीएफआरची ओसिमर्टिनिब ही गोळी सुरू केली तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. 'जनुकांचा रिपोर्ट आला का?' हा प्रश्न तुमच्या वहीत सगळ्यात वर लिहा.

केआय-६७ चंही तसंच. जी पेशी विभागणीच्या चक्रात आहे तिच्यात हे प्रथिन दिसतं. चाळीस टक्के म्हणजे त्या तुकड्यातल्या शंभरांपैकी चाळीस पेशी त्या वेळी विभागणीच्या तयारीत होत्या. गाठ किती चपळ आहे याचा तो अंदाज आहे, किती लांब गेली याचा नाही. ॲडेनोकार्सिनोमाची स्टेज ठरवताना हा आकडा विचारातही घेत नाहीत. न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींच्या) प्रकारच्या गाठींमध्ये, म्हणजे संथ कार्सिनॉइड की आक्रमक स्मॉल सेल हे ओळखताना, त्याचा खरा उपयोग होतो. बाबांचा प्रकार तो नाही.

रक्तातले तीन आकडे जरा सावकाश पाहू, कारण तिथे मी तुम्हाला नुसता धीर देऊन मोकळी होणार नाही.

सीईए हे प्रथिन १९६५ साली फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शोधलं. गर्भाच्या आतड्यात ते भरपूर असतं, जन्मानंतर अगदी थोडं उरतं, आणि काही कॅन्सरच्या पेशी ते पुन्हा बनवू लागतात. फुप्फुसाच्या कॅन्सरांपैकी ॲडेनोकार्सिनोमात ते जास्त वाढतं. पण ते वाढायला कॅन्सरच लागतो असं नाही. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ते मुळातच थोडं जास्त असतं, म्हणून त्यांच्यासाठी मिलिलिटरला साधारण ५ नॅनोग्रॅमपर्यंतची मर्यादा धरतात आणि न ओढणाऱ्यांसाठी ३ च्या आसपासची. यकृत ते रक्तातून काढून टाकतं, त्यामुळे यकृत बिघडलं की ते साचतं. जुना श्वसनविकार, आतड्याची सूज, स्वादुपिंडाची सूज यांतही ते वर जातं.

पण बाबांचा आकडा ४२ आहे. अशा साध्या कारणांनी सीईए सहसा दहाच्या फार पुढे जात नाही. तेव्हा हा आकडा गाठीतूनच येतोय असं धरायला हरकत नाही. आकडा जितका मोठा तितकी आजार गाठीबाहेर गेला असण्याची शक्यता वाढते, हेही खरं आहे. तुमच्यापासून ते लपवून काय उपयोग? बाबांच्या डॉक्टरांनीही तो आकडा पाहिला तर ते पीईटी जास्त बारकाईने वाचतील, एमआरआयला टाळाटाळ करू देणार नाहीत. एवढं काम तो आकडा करतो. त्यापुढे त्याची मजल नाही. मोठी गाठ जागच्या जागी असूनही सीईए भरपूर सोडते, आणि हाडांत, मेंदूत गेलेला आजार असूनही सीईए अगदी नॉर्मल असलेले रुग्ण काही विरळा नाहीत. कारण प्रत्येक गाठ ते प्रथिन बनवतेच असं नाही.

घराबाहेरचं विजेचं मीटर जोरात फिरताना दिसलं तर आत बरंच काही चालू आहे एवढं कळतं, कोणत्या खोलीत ते कळत नाही. आणि उपचार सगळे 'कोणत्या खोलीत' यावर अवलंबून आहेत. छातीच्या मधोमध असलेल्या लसिका ग्रंथींमध्ये गेलाय का, फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालंय का, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत, यकृतात, हाडांत, मेंदूत काही आहे का? शस्त्रक्रिया होऊ शकते की नाही, रेडिएशन कुठे द्यायचं, हे त्यावरून ठरतं. सीईए ४२ यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही.

सायफ्रा २१-१ हा सायटोकेराटिन १९ या प्रथिनाचा तुकडा. आवरण बनवणाऱ्या पेशींच्या आत या प्रथिनाचा सांगाडा असतो. पेशी मेल्या की त्याचे तुकडे रक्तात उतरतात. फुप्फुसाच्या नॉन-स्मॉल सेल प्रकारांत (बाबांचा त्यांतलाच), विशेषतः स्क्वेमस कॅन्सरमध्ये, तो वाढतो. बऱ्याच लॅब ३.३ ही मर्यादा धरतात. ६.८ म्हणजे वाढलेला आहे, आणि गाठ असलेल्या माणसात तो वाढणं अपेक्षितच आहे. मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तरी तो वर दिसतो, म्हणून बाबांचा क्रिएटिनिन किती आहे ते एकदा पाहून घ्या. बाकी यातून नवीन काही निघत नाही.

एनएसईचा २१ मात्र मी खुशाल बाजूला ठेवते, आणि त्याचं कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोतच आहे. रिपोर्टाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय: 'सॅम्पल किंचित हिमोलाइज्ड'. म्हणजे नमुना घेताना किंवा नेताना काही लाल पेशी फुटल्या. एनएसई हे साखर जाळण्याच्या साखळीतलं एक विकर आहे. चेतापेशींत आणि न्यूरोएंडोक्राइन पेशींत ते असतंच, पण लाल पेशींत आणि प्लेटलेटमध्येही भरपूर असतं. लाल पेशी फुटल्या की ते बाहेर सांडतं आणि आकडा फुगतो. नेहमीची मर्यादा १६-१७ च्या आसपास असते. अशा नमुन्यातल्या २१ ला काही अर्थ राहत नाही. लॅबने 'हिमोलाइज्ड' बारीक अक्षरांत आणि 'जास्त' ठळक अक्षरांत छापलं, याचा मला खरोखर राग येतो. तो शेरा आकड्याच्या शेजारीच हवा होता. एनएसई हा मुळात स्मॉल सेल कॅन्सरचा मार्कर. बाबांची बायोप्सी स्पष्ट ॲडेनोकार्सिनोमा सांगतेय, तेव्हा या आकड्यामुळे 'स्मॉल सेलही असेल का?' अशी नवी धास्ती घेऊ नका.

तुम्ही विचाराल, मग प्रथिनांवरून पसरणं कळतच नाही का? कळतं, आणि फार नेमकं कळतं. फक्त ती प्रथिनं रक्तात शोधायची नसतात. जिथे पसरल्याचा संशय आहे, त्या जागेच्या तुकड्यात शोधायची असतात.

समजा, पीईटीमध्ये बाबांच्या ॲड्रिनल ग्रंथीत एक ठिपका चमकला. ॲड्रिनलमध्ये निरुपद्रवी गाठीही खूप जणांना असतात. म्हणून तिथली सुई-तपासणी होईल. सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशी दिसल्या तरी त्या कुठून आल्या हा प्रश्न उरतो. तेव्हा त्या तुकड्यावर टीटीएफ-१ आणि नॅप्सिन-ए या प्रथिनांचे रंग चढवतात. टीटीएफ-१ हे फुप्फुसाच्या आणि थायरॉइडच्या पेशींच्या केंद्रकात असणारं प्रथिन आहे. फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमांपैकी बहुतेकांत, साधारण चारांतल्या तिघांत, ते टिकून राहतं. ॲड्रिनलमधल्या पेशींची केंद्रकं तपकिरी दिसली, बाबांच्या मूळ बायोप्सीतही तीच तपकिरी होती, तर पेशी फुप्फुसातून आल्या हे जवळपास पक्कं. घर सोडून लांब गेलेली पेशीही आपल्या मूळ अवयवाची ही खूण बरेचदा जपून असते. म्हणून मूळ बायोप्सीच्या रिपोर्टात टीटीएफ-१, नॅप्सिन-ए, पी४० यांच्यापुढे काय लिहिलंय ते नीट पाहून ठेवा. तुमच्या फोटोंमध्ये ते पान दिसलं नाही. पी४० हे स्क्वेमस प्रकाराचं प्रथिन, ते बाबांच्यात निगेटिव्ह असायला हवं. आणि बायोप्सीचे मेणातले ठोकळे आणि काचा जपून ठेवा, हॉस्पिटल बदलण्याची वेळ आली तर त्या सोबत न्यायच्या.

फुप्फुसाभोवतीच्या पाण्याचंही हेच आहे. छातीत पाणी सापडलं तर ते सुईने काढून त्यातल्या पेशी तपासतात. आवरणाच्या स्वतःच्या पेशी चिडल्या की हुबेहूब कॅन्सरपेशींसारख्या दिसतात, अनुभवी डोळ्यांनाही चकवतात. अशा वेळी कॅलरेटिनिन हे प्रथिन आवरणाच्या पेशींवर उमटतं, तर टीटीएफ-१ आणि क्लॉडिन-४ कॅन्सरपेशींवर. पाण्यातल्या पेशी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या निघाल्या तर आजार थेट चौथ्या टप्प्यात जातो, मग मूळ गाठ कितीही छोटी असो. एवढा मोठा निर्णय त्या रंगांवर उभा असतो. आणि पहिल्या नमुन्यात पेशी सापडल्या नाहीत तर दुसऱ्यांदा पाणी काढायला नाही म्हणू नका, कारण एका नमुन्यात त्या हुकणं नेहमीचं आहे. लसिका ग्रंथींतही तसंच. श्वासनलिकेतून सोनोग्राफीची दुर्बीण घालून, तिला ईबस म्हणतात, छातीतल्या ग्रंथींचे नमुने घेतात. नेहमीच्या रंगात निसटून जाणारा मोजक्या पेशींचा पुंजकासुद्धा केराटिनच्या रंगात उठून दिसतो.

स्टेज ठरवण्याची जी टीएनएम पद्धत जगभर वापरतात, तिची फुप्फुसासाठीची नववी आवृत्ती २०२५ पासून लागू आहे. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिका ग्रंथी, एम म्हणजे दूरवर पसरणं. रक्तातल्या कुठल्याही प्रथिनाला तिच्यात जागा नाही. डॉक्टर मार्कर उगाच झिडकारतात असा भावाचा समज होऊ देऊ नका. अंडकोषाच्या कॅन्सरमध्ये एएफपी, एचसीजी आणि एलडीएच हे रक्तातले आकडे स्टेजमध्ये धरले जातात, कारण तिथे ते विश्वासाचे ठरले आहेत. फुप्फुसात तसे ठरलेले नाहीत. नव्या प्रथिनांच्या संचांवर काम जोरात चालू आहे. सीईए, सीए-१२५, सायफ्रा आणि फुप्फुसातल्या सर्फॅक्टंट-बी या प्रथिनाचं पूर्वरूप अशा चार प्रथिनांचा एक संच बराच अभ्यासला गेला आहे, पण त्याचा हेतू कुणाची सीटीने चाळणी करावी हे ठरवणं आहे. निदान झालेल्या माणसात आजार कुठवर गेला हे त्यातून काढायचं नसतं.

पीईटीबद्दल थोडं, कारण भावाचा आक्षेप तिथे आहे. स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि जिथे पेशी साखर अधाशासारखी खातात तिथे ती चमकते. आधी काही तास उपाशी राहायचं, मग इंजेक्शन, मग तासभर स्वस्थ पडून राहायचं. ६६ व्या वर्षी एवढं बहुतेकांना झेपतं. बाबांना मधुमेह असेल तर आधीच सांगा, साखर वाढलेली असली तर चित्र धूसर येतं. मेंदू तर नेहमीच साखर खात असतो, तिथले छोटे डाग त्या चमकेत लपतात, म्हणून मेंदूसाठी एमआरआय वेगळा. आणि पीईटीत चमकलं म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. क्षयाच्या जुन्या ग्रंथी, न्यूमोनिया, सार्कॉइडोसिस, सगळे चमकतात. ज्या एका ठिपक्यामुळे बाबांची शस्त्रक्रिया रद्द होऊ शकते, त्या ठिपक्याचा तुकडा तपासल्याशिवाय ती रद्द होऊ देऊ नका. 'या जागेची बायोप्सी करता येईल का?' हे विचारायला संकोच कसला?

आणखी मार्कर करू का? नको. सीए १९-९, सीए १५-३, सीए-१२५ असं पॅकेज लॅब मांडून ठेवतात. सीए-१२५ तर छातीत किंवा पोटात पाणी झालं, हृदय थकलं, तरी वाढतं. तिथून आणखी एक 'जास्त' घरी येईल आणि आणखी एक रात्र झोप उडेल. त्यापेक्षा साध्या तपासण्यांकडे लक्ष द्या, त्या बहुधा झालेल्याच असतील: अल्कलाइन फॉस्फटेज, कॅल्शियम, यकृताच्या तपासण्या, अल्ब्युमिन. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलं तर हाडं किंवा यकृत नीट पाहायची सूचना मिळते. कॅल्शियम फार वाढलं तर माणूस गळून जातो, गोंधळतो, आणि त्यावर त्याच दिवशी उपचार लागतात. या कागदांकडे कुणी फिरकत नाही आणि 'मार्कर' या शब्दापाशी सगळे थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दर आठवड्याला मार्कर करण्याचा विचारही सोडा. सीईए रक्तातून उतरायलाच काही दिवस घेतं, आठवड्याच्या चढउतारात अर्थ नसतो. त्याचा उपयोग आहे तो पुढे. उपचार सुरू होण्याआधीचा आकडा तुमच्याकडे आलाच आहे. बाबांचा सीईए स्पष्ट वाढलेला असल्याने तो उपचारांचा मागोवा घ्यायला कामी येऊ शकेल, साधारणपणे स्कॅनच्या वेळेला जोडून, डॉक्टर सांगतील तेव्हाच. लॅब तीच ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येतात, ते एकाखाली एक लिहून तुलना करता येत नाही. बाबा केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असतील तर लॅबला सांगा, काही पद्धतींत त्याने आकडा खोटा कमी येतो. आणि उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सीईए आधी वर जाऊन मग उतरला तर घाबरू नका. मरणाऱ्या पेशी जाता जाता आपल्यातलं प्रथिन सांडतात. नुसत्या आकड्यावर औषध बदलायचं नसतं. आकडा वाढतच राहिला तर स्कॅन ठरल्यापेक्षा लवकर करायचा.

आईंना आजच सांगा की रक्तातल्या मार्करचा आणि आहारातल्या प्रथिनांचा काहीही संबंध नाही. सीईए पेशी स्वतः बनवते, ताटातून येत नाही. प्रथिनं तोडली तर गाठ उपाशी राहत नाही, बाबांचे स्नायू झिजतात. या आजारात वजन आणि ताकद टिकली तर शस्त्रक्रिया, केमोथेरपी, सगळंच जास्त झेपतं. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर प्रथिनं भरपूर द्या, आणि आधीचं वजन किती होतं, आता किती आहे, ते वहीत लिहा. आईंनी हे प्रेमापोटी केलं, तेव्हा सांगताना जरा सांभाळून.

भावाशी भांडू नका. 'साठ टक्के पसरलाय' असं ज्याला वाटतं, त्याला वडिलांना त्रासातून वाचवायचं असतं. त्याला पुढच्या भेटीला सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर पीडी-एल१ चा प्रश्न त्यालाच विचारू द्या. बाबांसमोर मात्र हे आकडे उच्चारणं थांबवा. किती जाणून घ्यायचंय हे त्यांनाच विचारा. काहींना सगळं हवं असतं, काहींना फक्त पुढची पायरी. त्यांच्या पाठीमागे त्यांची स्टेज ठरवली गेली, तीही चुकीची, हे त्यांना नंतर कळलं तर फार लागेल.

एक गोष्ट मार्करपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. स्कॅनच्या तारखेआधी बाबांचं डोकं सतत दुखायला लागलं, विशेषतः सकाळी आणि उलटीसोबत, बोलणं अडखळलं, हात-पाय एका बाजूने ढिला पडला, फिट आली. पाठीत नवीन, रात्री वाढणारं दुखणं सुरू झालं, पाय जड झाले किंवा लघवी अडली. चेहरा आणि मान सुजली. दम अचानक वाढला. खोकल्यातून रक्त आलं. यांतलं काहीही एक झालं, तर तारखेची वाट न पाहता त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला असेल तर काही तासांच्या उशिरानेही पाय कायमचे जाऊ शकतात. सीईए तेव्हा ४२ आहे की ४, याने काही फरक पडत नाही.

पीईटी आणि एमआरआयचे रिपोर्ट आले की शेवटचा 'इम्प्रेशन'चा परिच्छेद, जनुकांचा रिपोर्ट आणि बायोप्सीचं ते टीटीएफ-१ चं पान मला पाठवा. तिन्ही एकत्र पाहून बाबांच्या डॉक्टरांना काय काय विचारायचं, ते आपण मिळून ठरवू.